फाटकापुढचा रस्ता

पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास कुत्र्यांचा होत असेल, असं लोकांना वाटतं. कुत्र्यांची सवय होते. सवय होत नाही ती कुलपांची. घर बंद असलं की आतला मीटर दिसत नाही, आणि आकडा तर त्याच दिवशी वहीत चढवायचा असतो. अशा वेळी खात्यातले मुरलेले लोक सावली बघून बसतात, मागच्या तीन वेळचे आकडे काढतात, त्यांची सरासरी धरतात आणि डोळ्यांनी पाहिल्यासारखा आकडा टाकून मोकळे होतात. बहुतेक वेळा तो खऱ्याच्या आसपास निघतो. कोणाचं काही बिघडत नाही आणि कोणी काही विचारत नाही.

त्याच खात्यात एक मीटरवाले असे होते की ज्यांनी एकतीस वर्षांत एकदाही असा आकडा टाकला नव्हता. बंद दार दिसलं की ते शेजाऱ्याला सांगत, "पुन्हा येतो." आणि संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी, खरोखरच जात. कचेरीत त्यांचं नावच 'पुन्हा-येतो' पडलं होतं. साहेब बदलले, वह्या जाऊन हातातली यंत्रं आली, पण हे नाव काही बदललं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांना या नावाचा मनातून अभिमान होता. वरून ते रागावल्यासारखं दाखवत, तो भाग वेगळा.

रविवारी मात्र ते रस्ते शोधत.

हा नाद लागून एकोणीस वर्षं झाली होती. डोंगरातल्या जलाशयाची पाहणी करायला त्यांना खात्यानं महिनाभर पाठवलं होतं, तेव्हा कालव्याच्या कडेनं जाताना त्यांना समोरच्या उतारावर वाफेचं इंजिन दिसलं. रेल्वेनं ते जुनं इंजिन हौशी लोकांसाठी राखून ठेवलं होतं आणि थंडीतल्या काही रविवारी चार डबे जोडून ते डोंगरावर नेत असत. काळा धूर, पांढरी वाफ, खाली दरी. मीटरवाले सायकलवरून उतरले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी हे मेहुण्याला सांगितलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा फोटोचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे चेहरे आणि लग्नातले हार यांतच त्याचं आयुष्य चाललं होतं. तो पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन आला, आणि त्यानं काढलेला पहिलाच फोटो असा उतरला की शहरातले आणखी चार-सहा हौशी त्याच्यामागे लागले. मीटरवाल्यांनीही एक कॅमेरा घेतला. पण त्यांच्या फोटोत एकतर धूर वरून कापला जाई, नाहीतर इंजिन अंगठ्याएवढं येई.

"भाऊजी, तुमचे फोटो बघून गाडी चुकल्यासारखं वाटतं," मेहुणा म्हणायचा.

"मग तू काढ. मी तुला तिथवर पोचवतो."

आणि ते पोचवत. गाडी रुळावरून जाते, पण फोटो काढणाऱ्याला तिच्या आधी पुढच्या वळणावर पोचायचं असतं, आणि डोंगरात सरळ रस्ता नसतो. लाकूडतोड्यांच्या वाटा, कालव्याची कड, बंद पडलेल्या वखारींचे रस्ते, हे सगळं मीटरवाल्यांनी आपल्या जुन्या गाडीनं पालथं घातलं. प्रत्येक रस्त्याचा ते एक कागद करत. किती किलोमीटरवर कोणती खूण, तिथे कोणतं वळण, ऊन किती वाजेपर्यंत कोणत्या बाजूला असतं, आणि शेवटच्या रकान्यात 'पाहिले' असं लिहून समोर बरोबरची खूण. ही खूण नसेल तो रस्ता कोणी घ्यायचा नाही, असा त्यांच्या मंडळींचा नियमच होऊन बसला होता. बायको म्हणायची, "रानातले रस्ते सापडतात यांना, टेबलावरचा चष्मा सापडत नाही." पण चारचौघांत भावाला तीच बजावायची, "यांच्या कागदाबाहेर जाऊ नकोस हं."

त्या वर्षी रेल्वेनं कळवलं की इंजिनाचा बॉयलर थकला आहे. थंडीतल्या शेवटच्या रविवारी एक फेरी होईल आणि मग इंजिन कायमचं शेडमध्ये जाईल. मंडळींमध्ये एकदम धावपळ सुरू झाली. एकोणीस वर्षांत जे कोणाला जमलं नव्हतं, ते या शेवटच्या फेरीला जमवायचं होतं: खालच्या लोखंडी पुलावर गाडी टिपायची आणि मग तीच गाडी वरच्या मोठ्या वळणावरही टिपायची. पुलापासून वळणापर्यंत डांबरी रस्ता सव्वीस किलोमीटरचा, लांबून वळसा घालून जाणारा. पन्नास मिनिटं लागत. मधल्या स्टेशनावर पाणी भरूनसुद्धा गाडी पस्तीस मिनिटांत वर पोचे.

"भाऊजी, हा रस्ता शोधला तर तुम्हीच शोधणार," मेहुणा म्हणाला. "मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावीन. खाली तुमचं नाव घालीन, माझं नाही."

मीटरवाल्यांनी जुना सरकारी नकाशा काढला. पुलाजवळून दगडखाणीकडे एक रस्ता जात होता आणि खाणीतून पुढे सरळ रुळापर्यंत त्याची रेघ होती. ते गाडी घेऊन गेले. सहा पूर्णांक दोन किलोमीटरवर लोखंडी फाटक लागलं. कुलूप होतं, राखणदार कुठे दिसला नाही. त्यांनी खिशातल्या वहीत लिहिलं, 'फाटक, ६.२, बंद', आणि तारीख घातली. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेले. कुलूप. तिसऱ्या रविवारी अंगात ताप होता तरी गेले. तेव्हा राखणदार भेटला, पण त्याच्याकडे किल्ली नव्हती. "शेवटच्या रविवारी उघडं ठेवतो साहेब, तुम्ही म्हणता तर," तो म्हणाला. रस्ता पुढे जातो का, असं विचारल्यावर म्हणाला, "जातो की. पूर्वी दगड रेल्वेनंच जायचा." तो तिथे लागून दोनच महिने झाले होते.

चौथ्या वेळी जायला दिवस उरला नव्हता. ताप चढला, ते चार दिवस अंथरुणात पडून राहिले, आणि मंडळी कागदाची वाट बघत होती. मीटरवाल्यांनी त्या डोंगरातले खाणींचे पाच रस्ते स्वतः पाहिले होते. पाचही रुळाला जाऊन टेकत होते. नकाशावर मोजलं तर फाटकापासून पुढे दोन पूर्णांक चार भरत होतं. त्यांनी कागदावर लिहिलं: 'फाटकातून सरळ, २.४, कुठेही वळू नये, रुळाच्या भरावापाशी रस्ता संपतो.' शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी खूण केली. त्या क्षणी त्यांना फार काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडा आनंदच झाला.

मंडळींपैकी पाच जणांनी सकाळपासूनच वरच्या वळणावर बसायचं ठरवलं. पुलावर जे थांबणार होते त्यांच्या गाड्या बुटक्या होत्या. खाणीच्या खडीतून जाईल अशी एकट्या मेहुण्याचीच जीप होती. त्याच्याबरोबर त्याचे शेजारी घड्याळवाले जाणार होते. या दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून. बावीस वर्षं एकमेकांच्या दुकानाची किल्ली एकमेकांकडे.

मीटरवाले मोठ्या वळणावर साडेसातलाच पोचले. जागा धरून ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. उतरल्या उतरल्या त्यांनी डावीकडे पाहिलं, कारण खाणीचा रस्ता तिथेच निघायला हवा होता. भरावापाशी नुसती काटेरी झुडपं होती. ती कापलेली नव्हती, मोडलेली नव्हती, चाकाची खूण नव्हती. पलीकडे एक उंचवटा होता. रस्ता त्याच्या मागून येत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उंचवट्यापर्यंत दोनशे पावलं असतील. ते निघणार, तेवढ्यात एकानं विचारलं, "ऊन कुठपर्यंत सरकेल हो?" दुसऱ्यानं तिपाई कुठे लावू म्हणून विचारलं. मीटरवाल्यांनी सगळ्यांना नीट सांगितलं. मोबाइलला तिथे रेंज नव्हती. गाडी काढून पुलापर्यंत परत जायला पन्नास मिनिटं लागली असती आणि हातात दीड तास होता. हा हिशेब त्यांच्या मनात झाला. तरी ते उभेच राहिले.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी खालून शिटी ऐकू आली. इंजिन वळणावर आलं तेव्हा धूर दरीवर आडवा पसरला होता आणि ऊन बरोबर चाकांवर पडलं होतं. पाचही कॅमेरे चालू झाले. मीटरवाल्यांनी कॅमेरा उचललाही नाही. ते झुडपांकडे बघत होते. शेवटचा डबा गेला, लोक एकमेकांना फोटो दाखवू लागले, आणि कोणीतरी म्हणालं, "आपला स्टुडिओ अडकला वाटतं वाटेत."

"मी बघून येतो," मीटरवाले म्हणाले आणि चालू लागले.

उंचवट्याच्या मागे रस्ता नव्हता. तिथे खाण होती. दोन-तीन वर्षांत खाणीनं डोंगर खात खात नकाशावरचा रस्ताही खाल्ला होता. समोरच्या काठावर रस्ता येऊन तुटला होता आणि त्याच्या खाली, दोन पुरुष खोल असलेल्या कपारीवर, जीप एका कुशीवर पडली होती. राखणदार दोर घेऊन धावत येत होता.

दोघंही जिवंत होते. मेहुण्याचा पाय मांडीत मोडला होता. घड्याळवाल्यांचं उजवं मनगट चेंगरलं होतं.

इस्पितळात मेहुणा शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलला ते असं: "माझं वळण चुकलं. धुराकडे बघत होतो मी." मीटरवाल्यांची बायको पलंगापाशी उभी होती. तिनं रडतारडता भावाला फैलावर घेतलं. "सरळ जा म्हणून लिहिलं होतं ना कागदावर? सरळ जाता येत नाही तुला? लहानपणापासून हेच!" मेहुणा म्हणाला, "हो ताई. भाऊजींचा कागद कसा चुकेल?"

मीटरवाले पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. तोंड उघडायला तीच वेळ होती. ते म्हणाले, "आता बोलू नकोस, पडून राहा."

ती वेळ गेली आणि मग दुसरी आली नाही, किंवा आली तरी त्यांनी ती घेतली नाही. शेजारच्या वॉर्डात घड्याळवाल्यांच्या हातात दोन सळया घातल्या. डॉक्टर म्हणाले, बोटं हलतील, पण बारीक चिमटा धरणं कठीण. घड्याळवाल्यांच्या बायकोनं वऱ्हांड्यात सगळ्यांसमोर मेहुण्याच्या बायकोला सुनावलं. घड्याळवाले स्वतः व्हीलचेअरवरून मेहुण्याच्या पलंगापाशी आले आणि म्हणाले, "कागद माझ्या मांडीवर होता. मी वाचून दाखवत होतो, सरळ, सरळ. तू कुठे वळलास ते मला कळलं नाही. पण आता माझ्या दुकानाची किल्ली परत दे." मेहुण्यानं उशीखालचा जुडगा काढून त्यातली किल्ली सोडवून दिली. मंडळीतल्या सगळ्यांचं मत एकच होतं: धुराच्या नादात चालवणाऱ्याचं भान सुटलं. कागदावर कोणाचा संशय गेलाच नाही. मीटरवाले रोज डबा घेऊन इस्पितळात जात आणि रोज तसेच परत येत. कामावर बंद दारापुढे उभं राहिलं की "पुन्हा येतो" न म्हणताच ते पुढच्या घराकडे निघत. शेजारी विचारत, "काय हो, बरं नाही का?"

अकराव्या दिवशी मेहुणा घरी आला. त्याचा पलंग बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी लावला होता. मीटरवाले आणि त्यांची बायको भेटायला गेले तेव्हा त्याच्या हातात कागद-पेन होतं.

"बरं झालं आलात भाऊजी. घड्याळवाल्यांना चिठ्ठी लिहितोय. समोर उभं करून घेणार नाहीत, पण चिठ्ठी वाचतील. माझी चूक मला नीट कबूल करायची आहे. तुम्ही एवढंच सांगा, फाटा किती किलोमीटरवर होता? मी कुठे वळलो असेन?"

मीटरवाले खुर्चीवर बसले.

"फाटा नव्हता."

"म्हणजे?"

"तिथे फाटा नाहीच. रस्ता सरळच जातो आणि खाणीत पडतो. तू वळला नाहीस."

मेहुणा हसला. "भाऊजी, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नका. तुमच्या कागदावर खूण होती."

"खूण मी केली. रस्ता पाहिला नव्हता."

"तुम्ही?" मेहुण्यानं स्वयंपाकघरात कप विसळणाऱ्या बहिणीला हाक मारली. "ताई, हे बघ, माझ्यावरचं स्वतःवर घेतायत. अहो, तुम्ही न पाहता खूण कराल? बंद घराला तीनतीनदा जाणारा माणूस?"

हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं सांगितल्यावर रागावतील, बोलणं टाकतील, याची त्यांनी अकरा दिवस मनाची तयारी केली होती. विश्वासच ठेवणार नाहीत, असं कधी वाटलं नव्हतं. क्षणभर त्यांना असंही वाटून गेलं, की आता आपण सांगून तर टाकलं आहे, पुढचं त्याच्यावर.

मग त्यांनी खिशातली वही काढून मेहुण्याच्या हातात दिली. "बघ. तीन तारखा आहेत. फाटक, सहा पूर्णांक दोन, बंद. त्याच्यापुढे काही आहे का बघ."

मेहुण्यानं पान वाचलं. उलटलं. मागचं पान कोरं होतं. तो परत पहिल्या पानावर आला. मीटरवाल्यांची बायको आत अजून कप विसळत होती. कपांचा आवाज थांबला आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"सकाळी वर पोचलो तेव्हा झुडपं दिसली होती," मीटरवाले म्हणाले. "दीड तास होता. मी दोनशे पावलं चाललो नाही."

मेहुण्यानं पान पुन्हा वाचलं. मग त्यानं विचारलं, "खूण का केलीत?"

"पाचही रस्ते तसेच होते. हाही तसाच असेल म्हटलं."

"ते नाही विचारत. खूण का केलीत? कोरं सोडलं असतंत तर मी गेलोच नसतो. हळहळलो असतो, शिव्या घातल्या असत्या गमतीत, पण गेलो नसतो."

"तू म्हणाला होतास, शोधला तर तुम्हीच शोधणार."

"म्हणजे माझंच चुकलं पुन्हा," मेहुणा म्हणाला आणि वही त्यानं पांघरुणावर पालथी ठेवली.

"तसं नाही रे."

"अकरा दिवस, भाऊजी. अकरा दिवस मी झोपेत तोच रस्ता चालवतोय. कुठे वळलो ते शोधतोय."

बायको पुढे आली. "तीनदा गेला होतात ना तुम्ही?" ती नवऱ्याला म्हणाली. "तिसऱ्यांदा तापात गेलात. मग ताप होता, असं लिहायचं त्या रकान्यात. त्यात काय कमीपणा होता?" तिनं भावापुढची अर्धवट चिठ्ठी घेतली, घडी केली, आणि ठेवायला जागा न सुचल्यासारखी तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मी आज इथेच राहते."

"घड्याळवाल्यांना तुम्ही सांगा," मेहुणा खिडकीकडे बघत म्हणाला. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी अंगावरचं झटकतोय. वही न्या बरोबर. दाखवल्याशिवाय तेही मानणार नाहीत."

घड्याळवाल्यांचं दुकान उघडं होतं, पण काऊंटरवरचा दिवा बंद होता. गिऱ्हाइकांची घड्याळं ते पाकिटात घालून, पाकिटावर डाव्या हातानं नावं लिहून परत करत होते. अक्षर लहान मुलासारखं वेडंवाकडं आलं होतं. त्यांनी मान वर केली. "या. त्यानं पाठवलंय का? रदबदलीला आला असाल तर बसू नका."

मीटरवाले बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं: फाटक, ताप, नकाशा, खूण, झुडपं. मग वही काऊंटरवर उघडून ठेवली. घड्याळवाल्यांनी सवयीनं डोळ्याची काच उचलली, मग ती नको असल्याचं लक्षात येऊन खाली ठेवली.

"म्हणजे तो वळला नव्हता."

"नाही. कागदात होतं तसा सरळ गेला."

"मी वाचत होतो," घड्याळवाले म्हणाले. "सरळ म्हणून सांगत होतो त्याला. एकदा तो म्हणाला, पुढे उजेड जास्त दिसतोय, हळू घेऊ का. मी म्हटलं, कागदात काही लिहिलेलं नाही, चल." त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून काऊंटरवर ठेवला. "हे मी इतके दिवस कोणाला सांगितलं नाही."

मीटरवाले म्हणाले, "तुमचा दोष नाही."

"ते तुम्ही मला सांगू नका." आवाज चढला नव्हता. "बाकीचे कागद आहेत माझ्याकडे तुमचे. तेवीस आहेत. त्यांतल्या किती खुणा खऱ्या?"

"सगळ्या. एवढी एक सोडून."

"असेलही. मी आता ते कसं मानू?"

दुकानात वेगवेगळी घड्याळं आपापल्या वेळा दाखवत चालली होती. घड्याळवाले उठले. पाकिटं खणात टाकली. "पाय कसा आहे त्याचा?"

"प्लास्टर आहे. सहा आठवडे तरी."

"मी त्याला बायकोदेखत बोललो. किल्ली मागून घेतली." ते दुकानाबाहेर आले आणि डाव्या हातानं शटर ओढू लागले. ते अर्ध्यावर अडकलं. मीटरवाल्यांनी पुढे होऊन हात लावला.

"राहू द्या," घड्याळवाले म्हणाले. त्यांनी खांद्यानं रेटा देऊन शटर खाली आणलं, वाकून कुलूप घातलं. त्यात बराच वेळ गेला.

"मी येऊ का बरोबर?"

"नको. तुम्ही येऊ नका."

ते मेहुण्याच्या घराच्या दिशेनं निघाले, दुखरा हात छातीशी धरून, रहदारीच्या कडेकडेनं. कोपऱ्यावर एक टेम्पो जाईपर्यंत थांबले आणि मग वळले. मीटरवाल्यांना घरी जायलाही तोच कोपरा होता. ते बंद शटरपाशी तसेच उभे राहिले, घड्याळवाल्यांना पुरेसं पुढे जाऊ देण्यासाठी.